हौसाचं तिपेडी चऱ्हाट

एका राज्यात विहिरींचं पाणी रोज वीतभर खाली जात असे. आज पोहऱ्याला लागलेलं पाणी उद्या वीतभर लांब, परवा दोन विती. असं वर्ष सरलं आणि बाया रिकाम्या घागरी घेऊन माघारी फिरू लागल्या.

या सगळ्याच्या मुळाशी एक शाप होता. राजाच्या आजोबांनी कपालभैरव नावाच्या मांत्रिकाचं द्रव्य लुटून राजवाड्यामागच्या कोरड्या विहिरीत दडवलं. मांत्रिकाने मरता मरता त्या विहिरीला शाप दिला. पुढे राजपुत्र जयशेखर ते द्रव्य काढायला आत उतरला. वर ओढताना दोर तुटला आणि तो खालीच राहिला. त्या दिवसापासून विहिरीचा तळ रोज वीतभर खचू लागला, आणि राज्यातलं सगळं पाणी त्याच्यामागे निघालं.

तुटलेला तो दोर लखोजीने वळलेला होता. राज्यात त्याच्यासारखा दोर वळणारा दुसरा नव्हता. राजाने त्याला दंड केला नाही, पण त्याच्याकडे पाहणं सोडलं. दोर तुटला त्या क्षणी तो ओढणाऱ्या लखोजीचा उजवा हात लाकडासारखा ताठ झाला, तो ताठच राहिला.

त्याची मुलगी हौसा पंधरा वर्षांची होती. आता दोर वळायच्या चाकाशी तीच उभी राहायची. वाखाचे तंतू पिंजायचे, कमरेला गुंडाळायचे आणि मागे मागे चालत पेड सोडत जायचं. लखोजी बाजेवर डोळे मिटून बसायचा आणि नुसत्या आवाजावरून चूक सांगायचा.

"पीळ सैल पडला. सोड. पुन्हा वळ."

"आबा, एवढंसं कुणाला दिसणार आहे?"

"पुन्हा वळ, पोरी."

दिवसाला चार चार वेळा दोर उसवावा लागे. हौसाच्या तळहाताची सालटी निघत, रागाने डोळे भरून येत, पण ती पुन्हा वळायची.

एके सकाळी एक साळुंकी चाकावर येऊन बसली आणि म्हणाली, "राजपुत्राला वर काढायला दोनशे हात दोर लागेल. एक पेड राक्षसिणीच्या रानातल्या अंबाडीचा, दुसरा चालत्या डोंगरावरच्या काटेरी केकताडाचा, तिसरा पांढऱ्या हत्तीच्या शेपटीच्या केसांचा. दुसरा कुठलाही दोर त्या तळाला पुरणार नाही."

"आणि वळणार कोण?" लखोजीने विचारलं.

"जिचे हात चालतात ती," साळुंकी म्हणाली आणि उडून गेली.

हौसा निघाली. राक्षसीण अंबाडीच्या रानात पाय पसरून बसली होती. म्हणाली, "सात वर्षांत विंचरलेलं नाही. माझ्या जटा न तोडता सोडव, मग हवी तेवढी अंबाडी ने." गुंता कधी ओढू नये, आधी टोक शोधावं, हे आबांनी हौसाला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. तीन दिवसांत जटा मोकळ्या झाल्या. राक्षसिणीने अंबाडीचे भारे तर दिलेच, वर न्याहारीही दिली.

चालता डोंगर दिवसा चाले आणि दुपारच्या प्रहरी घटकाभर उभा राही. त्या घटकेत हौसा कड्याला दोर बांधून लोंबकळली, केकताडाची पाती कापली आणि डोंगराने पाऊल उचलण्याआधी खाली आली.

पांढरा हत्ती तळ्याकाठी उभा होता. तो म्हणाला, "केस उपटायचे नाहीत. आपसूक गळतील ते वेचायचे. महिनाभर थांबावं लागेल."

हौसा अठरा दिवस थांबली. मग तिला वाटलं, तिकडे पाणी रोज खाली चाललंय आणि मी इथे हत्तीच्या मागे उभी! होते तेवढे केस घेऊन ती घरी आली.

वळता वळता तिसरा पेड शेवटाला कमी पडला. लखोजी तेव्हा दाराशी कुणाशी बोलत होता. हौसाने तेवढ्या लांबीत साधा वाख मिसळला, वरून डिंक चोळला, आणि पीळ इतका घट्ट दिला की चाकाचा आवाजही बदलला नाही. चऱ्हाट तयार झालं. लखोजीने डाव्या हाताने ते टोकापासून टोकापर्यंत चाचपलं आणि पहिल्यांदाच म्हणाला, "छान वळलंयस."

हौसाला ते ऐकून आनंद झाला नाही.

सारं गाव विहिरीभोवती जमलं. राजा आला. लखोजी दोराच्या फासात पाय घालून काठावर बसला.

"आबा, हे काय?"

"नव्या दोराने आधी आपल्या घरातलं माणूस उतरवायचं, ही आपली रीत. सोडा रे दोर!"

रहाटावरच्या गड्यांनी हात घातला. हौसाने धावत जाऊन बापाला मिठी मारली. "उतरू नका, आबा! शेवटाकडे साधा वाख आहे. मी लपवला. माणसाचा भार त्याला सोसणार नाही."

राजा म्हणाला, "मुली, आजचा दिवस गेला तर पाणी आणखी खाली जाईल."

"जाईल, महाराज. पण या दोरावर मी कुणाला सोडणार नाही."

लखोजीने फासातून पाय काढला. रागावला नाही, ओरडलाही नाही. घरी येऊन चऱ्हाटाचं टोक तिच्या हातात दिलं आणि म्हणाला, "उसव."

हौसा पुन्हा तळ्याकाठी गेली. उरलेले बारा दिवस थांबली, एकेक केस वेचला. तेवढ्यात तळ सहा हात खचला होता, म्हणून चऱ्हाट सहा हात जास्त वळलं. या वेळी फासात ती स्वतः बसली. लखोजीने डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला.

तळाशी सोन्याने भरलेला हंडा होता. हंड्यावर एक सोनेरी बेडूक बसला होता, आणि शेजारी राजपुत्र जयशेखर पाषाण होऊन उभा होता.

"हंडा बांध," बेडूक म्हणाला. "तुझ्या सात पिढ्या बसून खातील."

"आणि राजपुत्र?"

"तो दगड आहे. दगडाला घाई नसते."

हौसाने हंड्याकडे हात नेला, पण तो मध्येच थांबला. हंड्याच्या गळ्याला जुन्या दोराचा तुकडा बांधलेला होता. तिने तो उलगडून पाहिला. पीळ आबांचा होता. कुठे सैल नाही, कुठे जोड नाही. म्हणजे राजपुत्राने स्वतःआधी हंडा बांधला होता, म्हणून शापाने दोर तोडला होता. वर्षभर बाप ज्या चुकीसाठी झुरला ती चूक त्याची नव्हतीच.

तिने हंड्याला पाठ दाखवली. पाषाणाच्या छातीभोवती चऱ्हाट आवळलं, त्याच्या गळ्यात जुना तुकडा अडकवला आणि दोराला झटका दिला. दगडाचं ओझं वर निघालं. चऱ्हाट करकरलं, पण एकही केस तुटला नाही.

मग पायाशी गार लागलं. पाणी! घोट्याला आलं, गुडघ्याला आलं. बेडूक हंड्यासकट पाण्याखाली गेला. पाणी छातीला भिडलं तेव्हा दोराचं टोक खाली आलं. हौसाने ते कमरेला बांधलं, आणि ओढ बसताच तिला कळलं, हा रहाट नव्हे. दोन हातांची, लयीत येणारी ती ओढ होती. तशी एकच माणूस ओढत असे.

काठावर ऊन लागताच राजपुत्राचा पाषाण गळून पडला होता आणि तो जमिनीवर बसून खोकत होता. लखोजी दोन्ही हातांनी दोर ओढत होता. जुना तुकडा त्याच्या खांद्यावर होता.

राजपुत्राने खरं काय ते सांगितलं, तेव्हा राजाने सर्वांदेखत लखोजीपुढे हात जोडले. "वर्षभर मी तुला दोषी मानलं." मग हुकूम निघाला की त्या द्रव्याला पुन्हा कुणी शिवायचं नाही. विहीर काठोकाठ भरली, आणि तिच्यामागे राज्यातल्या साऱ्या विहिरी भरल्या.

चार दिवसांनी शेजारच्या गावची एक बाई दोर घ्यायला आली. लखोजीला म्हणाली, "दादा, पाणी फार वर आलंय. आठच हात दोर हवा. कधी द्याल?"

लखोजी वाख पिंजत होता. मान वर न करता म्हणाला, "मला काय विचारता, बाई? दोरवाल्या त्या तिकडे बसल्यात, त्यांना विचारा."

त्या राज्याच्या विहिरी तुडुंब राहिल्या, तशा तुमच्याही राहोत.