उलट्या पावलांचा राजा आणि सुरंगी चेटकीण

एका राज्यात चेटकिणींना मनाई होती. राजा मेघध्वजाने तसा हुकूमच काढला होता. ज्याची पावले उलटी, टाचा पुढे आणि बोटे मागे, तो चेटक्या समजावा आणि हद्दीबाहेर घालवावा. चेटक्यांना कोणी थारा देऊ नये, पाणी देऊ नये. हुकूम गावोगावी पाटीवर लिहून चौकात टांगला होता.

त्याच राज्यात सुरंगी नावाची पंधरा वर्षांची पोर आपल्या काकूजवळ राहत असे. तिची पावले सरळ होती, पण वस्तू तिचे ऐकत. कलंडणाऱ्या घागरीला ती म्हणे, “थांब,” आणि घागर थांबे. गावातल्या पोरांनी तिला खडे मारले तर ती खड्यांना अलीकडेच पडायला सांगे, आणि खडे अलीकडेच पडत. त्यामुळे गाव तिला अधिकच भिऊ लागले. कोणाची म्हैस आटली तरी सुरंगी, कोणाचा जावई रुसला तरी सुरंगी. पाणी मिळाले तर लांबून, उंचावरून, ओंजळीत.

एके दिवशी बाजारात एक गवंडी शिडीवरून शिडीसकट खाली येऊ लागला. सुरंगीने शिडीला उभे राहायला सांगितले. शिडी उभी राहिली, गवंडी वाचला, खाली उतरला आणि सरळ चावडीवर जाऊन त्याने तिच्याविरुद्ध तक्रार नोंदवली.

शिपायांनी तिला दरबारात उभे केले. राजा सिंहासनावर बसला होता. सहा महिने तो चारचौघांत तिथून उठला नव्हता, आणि त्याच्या पायांवर भरजरी शाल होती. त्याने पाय टेकले होते ते एका काळ्या पेटीवर. ही पेटी त्याने एका चेटकिणीला हद्दीबाहेरच्या टेकडीवर हुसकताना खजिना समजून आणली होती, पण ती काही केल्या उघडत नव्हती.

प्रधान भद्रमुखाने आरोप वाचायला सुरुवात केली. तेवढ्यात सिंहासन करकरले. सुरंगी सवयीने पुटपुटली, “गप.” सिंहासन गप्प झाले आणि पेटी बोलू लागली.

“इतक्या दिवसांनी ऐकणारे कोणी भेटले,” पेटी म्हणाली. “मुली, ती शाल उचलून बघ. मला पळवून आणले त्या दिवसापासून महाराजांची पावले उलटी आहेत.”

दरबाराने काहीच ऐकले नाही. म्हणजे सर्वांनी ऐकले, पण एकाला अचानक खोकला आला, दुसरा छताची नक्षी पाहू लागला. राजाने सर्वांना बाहेर घालवले.

मग पेटीने शापाचा उतारा सांगितला. राजाने पेटी स्वतःच्या डोक्यावरून टेकडीवर तिच्या मालकिणीकडे परत न्यावी, सोबतीला फक्त ही मुलगी. वाटेत पाणी मागून प्यावे. आपला हुकूम चौकात आपल्या तोंडाने वाचावा. आणि टेकडीवर पोचल्यावर मालकिणीला तिच्या नावाने हाक मारावी.

राजा सुरंगीला म्हणाला, “शाप उतरला तर तू मोकळी. नाहीतर हद्दपार.”

“आणि महाराज?” सुरंगीने विचारले.

राजा वाकला. तो पेटी उचलू लागला.

वाट चालणे सोपे नव्हते. तोंड टेकडीकडे, बोटे राजधानीकडे. पहिल्या गावात राजाने एका दारात पाणी मागितले. बाईने त्याचे पाय पाहिले आणि दार लावून घेतले. लोक काठ्या घेऊन धावले. आपण राजा असल्याचे त्याने सांगितले, तेव्हा एक म्हातारा म्हणाला की चेटके असलेच काहीतरी सांगतात. सुरंगीने काठ्यांना मऊ व्हायला सांगितले. त्या पडवळासारख्या लोंबू लागल्या, आणि दोघे निसटले.

गावाबाहेर एक कुंभारीण माती मळत होती. तिनेही पाय पाहिले. मग उठली आणि लांबून घागर तिरकी धरली. राजाला पिता येईना, पाणी कोपरावरून ओघळू लागले.

“करंगळ्या जुळवा, महाराज, आणि मान खाली घाला,” सुरंगी म्हणाली. “मान वर असली की सांडते.”

राजाने मान खाली घातली आणि पाणी प्याला. कुंभारणीने सांगितले की तिच्या बहिणीलाही असेच घालवले होते, आणि तो दिवसही उन्हाचाच होता.

दुसऱ्या गावच्या चौकात त्याने हुकूम मोठ्याने वाचला. त्यातले ‘समूळ उच्चाटन’ हे शब्द लिहिताना तो स्वतःवर फार खूश झाला होता. आता ते त्याने घाईघाईने वाचून टाकले. वाचून झाल्यावर त्याने आपले पाय पुढे केले आणि या हुकमाप्रमाणे आपण हद्दपार आहोत, असे जाहीर केले. गावचा पाटील गोंधळला. हद्दपारांना कुठे धाडतात, असे त्याने विचारले. टेकडीवर, राजा म्हणाला. तिकडेच तर जायचे होते. मग गावाने ढोल वाजवून दोघांना वेशीपर्यंत पोचवले.

टेकडीच्या पायथ्याशी करवंदीच्या जाळीत एक भारद्वाज पक्षी बसला होता. टेकडीवरच्या बाईचे नाव काय, असे राजाने त्याला विचारले.

“मी दिसलो की दिवस चांगला जातो, म्हणून लोक मला बघतात आणि चालू लागतात,” पक्षी म्हणाला. “माझे नाव कोणी विचारत नाही.”

सुरंगीने राजाकडे पाहिले. राजाने पेटी खाली ठेवली. “आपले नाव?”

“पुंडरीक,” पक्षी म्हणाला, आणि मग त्याने आपल्या आजोबांपासून सगळे सांगितले. दोघांनी ऐकून घेतले. शेवटी तो म्हणाला, “तिचे नाव चाफाबाई. दमा आहे तिला. हळू हाक मारा.”

टेकडीवरच्या झोपडीच्या दारात राजाने हळू हाक मारली. “चाफाबाई, मी तुमची पेटी आणली आहे. माझे चुकले.”

म्हातारी बाहेर आली. तिने पेटीला हात लावताच झाकण उघडले. राजा वाकून पाहू लागला. आत सुंठ, वावडिंग, ज्येष्ठमध आणि डिंकाचे सात लाडू होते. लाडवांना मुंग्या लागल्या होत्या.

“सहा महिने,” चाफाबाई म्हणाली. “निदान लाडू चांगले होते तोवर तरी आणायची होतीस.”

तिने राजाच्या पायांवर सुंठीची चिमूट टाकली. पावले गर्रकन फिरली. राजाला उलटे चालायची सवय झाली होती, त्यामुळे तो पहिल्याच पावलाला करवंदीत पडला.

त्याने हुकूम मागे घेतला. हद्दपार झालेल्या बायका घरी आल्या, कुंभारणीची बहीणही आली. पाट्या प्रधान भद्रमुखाने स्वतः गावोगाव फिरून उतरवल्या. राजाने सुरंगीला दरबारात मानाची जागा देऊ केली. तिने आभार मानले आणि चाफाबाईजवळ विद्या शिकायला राहिली.

महिन्याने ती काकूला भेटायला गावी गेली. वेशीवर एका बाईने तिला अडवले आणि जरा घुटमळून विचारले, “तू ती चेटकीण ना?”

पूर्वी सुरंगी मान खाली घालून निघून जात असे. या वेळी तिने बाईच्या डोळ्यांत पाहिले.

“हो,” ती म्हणाली. “काही काम होते?”

“आमचा पाळणा फार कुरकुरतो. बाळ झोपत नाही.”

“चला,” सुरंगी म्हणाली, आणि बाईने तिला आत नेऊन आधी पाण्याचा तांब्या हातात दिला.