तुटलेलं शेपूट

"पण मी चुकते कुठं, ते तरी सांग ना मावशी."

चांगुणामावशी राहीनं आणलेल्या टोपलीतली अळंबी एकेक करून पाण्यात धूत राहिली.

तिचं हे न बोलणं राहीला चांगलंच ठाऊक होतं. मागच्या दोन्ही श्रावणांत मावशीनं अशीच टोपली पुढ्यात घेतली, आत पाहिलं आणि सगळी ओढ्यात पालथी केली. कारण विचारलं तर म्हणाली, "पुढल्या साली बघू."

या वाडीत रानातली अळंबी कुणीही उठून आणत नाही. एकीनं वेचायची आणि तिच्या भरवशावर सगळ्यांनी जेवायचं, अशी इथली रीत. इतकी वर्षं ती एक म्हणजे चांगुणामावशी. आता तिचे गुडघे डोंगर चढू देत नव्हते. दोन पावसाळे वाडीनं अळंबी तोंडात घातली नव्हती, आणि आपण धडधाकट असताना असं व्हावं याचा राहीला राग येई. तो राग ती लपवतही नसे.

राहीला सगळं येत होतं. खरं सांगायचं तर तीच पंचाईत होती.

"विचार की मला कायबी," ती म्हणाली.

"तूच सांग."

"वारुळावर उगवती ती आपली. टोपीला मधोमध टोक. टोपीखालच्या चुण्या पांढऱ्या, हिरवट झाक दिसली की टाकायची. दांड्याला कडं नको, बुडाशी वाटी नको. आन् शेपूट..."

"शेपटाचं काय?"

"ते खाली वारुळात जातंय. बोटांनी माती उकरत तळापत्तर जायचं. शेपूट वारुळातनंच आलंय हे डोळ्यांनी बघायचं, मगच टोपलीत टाकायची."

पाढे म्हणावेत तसं घडाघडा म्हणून झालं. मावशीनं ओले हात पदराला पुसले.

"शिजव," ती म्हणाली.

राहीचा आधी विश्वासच बसेना. मग ती चुलीकडे धावली. कांदा चिरताना हसत होती, फुंकणीनं जाळ करताना हसत होती. मावशी भिंतीला टेकून तिच्याकडे बघत राहिली.

आणखी एक रीत होती. नव्या हातची पहिली भाजी शिकवणारीनं एकटीनं खायची. वाडीनं दुसऱ्या दिवशी. राहीला हा मोठा मान वाटे. मधे एक दिवस कशासाठी थांबायचं, हे तिनं कधी मनात आणलं नव्हतं.

तिनं ताटलीत नाचणीची भाकरी ठेवली, वर भाजी वाढली आणि समोर बसली.

मावशीनं भाकरीचा तुकडा मोडला. भाजीत बुडवला.

"राहे, उद्या सकाळच्याला येऊन माझ्या कोंबड्या सोड," ती सहज म्हणाली. "मी उठले तर उठले, न्हाई तर बिचाऱ्या कोंडून राहतील."

घास तोंडाशी गेला...

राहीनं तिचं मनगट धरलं.

"काय गं?"

"एकीचं शेपूट तुटलं व्हतं."

मावशीनं घास खाली घेतला.

"कंचीचं?"

"कडंच्या एका अळंबीचं. घाईघाईत वढली मी. बाकीच्या तिच्या शेजारीच व्हत्या. टोपी तशीच, चुण्या तशाच... आपलीच हाय ती, मावशी. मला खात्री हाय."

"खात्री हाय?"

"हाय."

"मग हात सोड."

राहीनं हात सोडला नाही. मनगट हाडकुळं होतं, आणि तिच्या बोटांना त्यातली नाडी लागत होती. ती एवढी हळू चालते हे तिला माहीत नव्हतं. या बाईशिवाय आपल्याला कुणी इतक्या मायेनं काही शिकवलेलं नाही, हे तिला त्या घडीला कळलं.

"अगं, भाकर गार व्हतीय."

"हू दे." राहीला रडू आवरेना. "मला खात्री हाय. पन तू खाऊ नगंस."

चूल धुमसत होती. कुणी फुंकर घातली नाही.

मावशीनं दुसऱ्या हातानं कनवटीची गाठ सोडली. आतून एक अळंबी काढून राहीपुढे ठेवली. धुतलेली, स्वच्छ. दांडा खाली तुटलेला, शेपूट नाहीच.

राहीनं मान वर केली.

"तुला... दिसलं व्हतं?"

"धुताना दिसलं. म्हातारी झाले, आंधळी न्हाई झाले."

"मग बोलली का न्हाईस?"

मावशीनं नुसतं तिच्या गालावरचं पाणी अंगठ्यानं पुसलं.

"मागल्या सालीबी असंच व्हतं?"

"त्याच्या आदल्या सालीबी."

राही किती तरी वेळ त्या तुटक्या दांड्याकडे बघत बसली. मग ती अळंबी तिनं उचलली आणि चुलीत टाकली. मनगटावरची तिची पकड हळूहळू सैल झाली, तरी हात तिथंच राहिला.

तो हात तसाच असू देत मावशीनं घास तोंडात घातला. सावकाश चावला. राही श्वास रोखून तिच्या तोंडाकडे बघत होती.

"मीठ कमी पडलंय," मावशी म्हणाली. "उद्या वाडीचं शिजवशील तवा ध्यानात ठेव."