दोन बोटांचा बाण

घाटातल्या चौकीचा राखणदार दित्या भिल्ल तापाने गेला. त्याच्या जागी कोणाला नेमायचं, हे ठरवायला सरकारांनी मैदानात नेमबाजी लावली. दित्याची बायको रुमाली त्याचंच धनुष्य घेऊन आली आणि तिचे पाचही बाण लक्ष्याच्या मधोमध बसले.

दरबारचे वस्ताद रायाजीराव मात्र तिच्या हाताकडे बघत होते. भिल्ल दोरीला अंगठा लावत नाहीत. पहिल्या दोन बोटांत बाण धरून ओढतात. वस्ताद शिकवत ते अंगठ्यात हाडाचं कडं घालून ओढायला.

"सरकार, हे बाण मोजायचे नाहीत," ते म्हणाले. "अंगठ्याशिवाय सोडलेला बाण हा बाणच नव्हे. बाई, अंगठा लाव, नाहीतर चौकी विसर."

"माझ्या नवऱ्याने बावीस वर्षं असाच घाट राखला," रुमाली म्हणाली. "अंगठा लागणार नाही. पण माझ्याकडे अजून एक बाण आहे. तू लक्ष्यासमोर उभा राहा, वस्ताद. तो बाणच नाही, मग तुला काय होणार?"

लोक हसले. आता माघार कशी घेणार? वस्ताद छाती काढून उभे राहिले. रुमालीने दोरीला दोन बोटं लावली आणि कानापर्यंत ओढली. तशी वस्तादांनी टुणकन बाजूला उडी मारली.

तिने दोरी सैल सोडली. बाण हातातच होता.

"न सुटलेला बाणसुद्धा वस्तादाने मोजला, सरकार," ती म्हणाली. "सुटलेले पाच तू मोज."

सरकारांनी मोजले. दुसऱ्या दिवशी रुमाली चौकीवर रुजू झाली.