नझीरचाचांचं बोट

"...आणि वैजूनं मुद्दाम म्हाताऱ्याचं बोट...?"

मेडिकलच्या पायरीवर एवढंच कानावर आलं. पुढचं एका टेम्पोच्या हॉर्ननं गिळलं.

पण गल्लीला अर्धं वाक्य पुरतं. दुपारपर्यंत उरलेलं गल्लीनंच जोडून टाकलं. वैजनाथनं म्हणे स्वतःच्या उस्तादाचं बोट भाजलं. गिऱ्हाइकं पळवायला. वर समोर उभा राहून हसत होता!

झालं होतं ते असं.

नझीरचाचा तांबोळी आधी रेडिओ दुरुस्त करायचे, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर. वस्तू बदलल्या, पारख तीच राहिली. चालू मशीनच्या आत उजव्या हाताचं पहिलं बोट टेकवायचं आणि दहापर्यंत मोजायचं. बोट टिकलं तर मशीन पास. आधीच उचलावं लागलं तर नापास. चाचांनी बोट ठेवल्याशिवाय उमरग्यात कोणी मशीन घरी नेत नसे.

वैजनाथ त्यांच्याच हाताखाली शिकला आणि वर्षभरापूर्वी त्यांच्याच समोर दुकान थाटून बसला. पोरगा हुशार. आणि ते त्याला स्वतःला जरा जास्तच ठाऊक.

त्या सकाळी त्यानं एक उघडं मशीन आणून चाचांच्या काउंटरवर ठेवलं, चालू केलं.

"चाचा, एक सांगा. लोक महागडा मदरबोर्ड घेतात कशाला?"

चाचा चष्मा पुसत राहिले.

"हा बघा. बाजारातला सगळ्यात स्वस्त बोर्ड, प्रोसेसरही साधाच. ओव्हरक्लॉक केलाय. कंपनीनं ठरवून दिलं त्याच्या सव्वापट पळतोय! अशी बारा मशिनं मुलींच्या क्लासला द्यायचीत. पण क्लासच्या बाई अडून बसल्यात, चाचांनी बोट ठेवलं का ते सांग म्हणून. ठेवा एकदा, मिटवून टाका."

"तापतं?"

"स्क्रीनवर आहे की. चौसष्ट डिग्री."

"हा आकडा कोणाचा?"

"प्रोसेसरचा."

"आणि प्रोसेसरला करंट कोण पुरवतं?"

वैजनाथनं शेजारचे काळे चौकोनी तुकडे दाखवले. बऱ्यापैकी बोर्डावर त्यांच्या डोक्यावर धातूची जाड पट्टी असते, ताप ओढून घ्यायला. इथं ते उघडेच होते.

"यांचा आकडा?"

"यांचा नाही दिसत. एवढ्या पैशात..."

"म्हणजे ज्याच्यावर सगळा भार, तोच बोलत नाही."

"त्यांच्या वतीनं तुमचं बोट बोलतं की, चाचा!"

चाचा हसले नाहीत.

मशीनला पूर्ण ताण देऊन पंधरा मिनिटं पळत ठेवलं. तेवढ्यात चहा आला. चाचांनी वाफाळता ग्लास सरळ मुठीत धरला.

"हात आहे का सांडशी?" वैजनाथ नेहमीसारखा म्हणाला.

चाचांनी ग्लास ठेवला. बाही वर केली. काळ्या तुकड्यांवर बोट टेकवलं.

"एक... दोन... तीन..."

आवाज संथ. चेहऱ्यावर काही नाही.

"...नऊ... दहा. पास."

वैजनाथनं टाळीच वाजवली. खदखदून हसला. "बघितलं? दोन वर्षं मला पट्टीवाला बोर्ड, पट्टीवाला बोर्ड म्हणून..."

आणि थांबला.

केस जळाल्यासारखा वास येत होता.

तो बोर्डवर वाकला. बोर्ड ठीक होता. मग त्याची नजर चाचांच्या हातावर गेली. बोटाचं टोक पांढरं पडलं होतं आणि बघता बघता फुगत होतं.

चाचाही त्या बोटाकडेच पाहत होते. कोणीतरी दुरुस्तीला टाकून गेल्यासारखं.

"चाचा... लागलं नाही?"

"नाही."

"कधीपासून?"

"शुगर आहे, बेटा. मागच्या दिवाळीपासून बोटांना काही कळत नाही."

"आणि तेव्हापासून जेवढी मशिनं पास केली, ती...?"

चाचांनी मान खाली घातली. "दुकान या बोटावर चालतं. कोणाला सांगू?"

मशीनचे पंखे घोंघावत होते.

वैजनाथला चहाचा ग्लास दिसत राहिला. चाचा आयुष्यभर बशीत ओतून, फुंकून फुंकून चहा प्यायचे. बशी कधी सुटली? गेलं वर्षभर त्यांच्या हातून स्क्रू निसटायचे, आणि हा समोरच्या दुकानातून ओरडायचा, "चाचा, वय झालं आता!" सकाळपासून तो एका आकड्यावर डोळा ठेवून होता. चौसष्ट.

त्यानं मशीन बंद केलं. पुन्हा चालू करून वेग कंपनीनं ठरवून दिला होता तिथं आणून ठेवला. पंखे हळू झाले.

मग धावत मेडिकलला गेला. मलम घेताना रडवेला होऊन त्यानं एवढंच म्हटलं, "माझ्यामुळंच भाजलं हो." गल्लीनं तेवढंच उचललं.

बोट भाजलं, हे खरं. वैजूच्या मशीनवर, हेही खरं. तो हसला, तेसुद्धा खरंच, म्हणून त्याला कोणाला काही बोलता आलं नाही. मुद्दाम भाजलं, गिऱ्हाइकांसाठी भाजलं, तेवढं मात्र खोटं.

तो परतला. चाचांचा हात मांडीवर घेऊन मलम लावलं, पट्टी बांधली. गाठ जरा घट्टच बसली. चाचांना ते कळलं नाही. त्याला कळलं. त्यानं ती सोडून पुन्हा बांधली.

"बाईंना सांगतो, थांबा म्हणून. पट्टीवाले बोर्ड मागवतो. वेग कंपनीनं दिलाय तोच ठेवतो."

"हं."

"पण त्या विचारणारच, चाचांनी बोट ठेवलं का... मी काय सांगू त्यांना?"



चाचा उठले. तीस वर्षं ज्या स्टुलावर बसले होते, ते पायानं त्याच्याकडे सरकवलं. स्वतः काउंटरच्या अलीकडे, गिऱ्हाइकाच्या जागी जाऊन उभे राहिले.

"आता तू बोट ठेव. मी मोजतो."