पाझरणारे रांजण

पूर्वी नाईल नदीच्या काठी मेनेख राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तेथील एका कुंभारिणीच्या पोटी जन्मला. दूरच्या राजधानीत तो भांडी उजळण्याची कला शिकला. आपली लखलखीत भांडी पाहून गाव हरखून जाईल, असे परतताना त्याला वाटले होते. गावात पाऊल ठेवले तर घरोघरी रडारड. जवळच्या दगडाच्या खाणीत पखालींतले पाणी तापून कढत होई, आणि उन्हाने माणसे कोसळत होती.

त्याच खाणीवर राजा येणार होता. हेनू नावाच्या अधिकाऱ्याने बोधिसत्त्वाला पाण्याचे रांजण करायला सांगितले. "आरशासारखे चमकू देत. महाराज खूश झाले, तर तू राजकुंभार!"

बोधिसत्त्वाने नदीचा काळा गाळ चाळला, पायांनी तुडवला, हाताने फिरवायच्या चाकावर रांजण घडवले आणि गुळगुळीत गोट्याने घासून उजळले. नमुन्याचा एक रांजण भाजून तो खाणीवर घेऊन गेला. दुपारी एका पाथरवटाने त्यातला घोट घेतला आणि तोंड वाकडे केले.

"रूप राणीचं, पाणी न्हाणीचं!"

बोधिसत्त्वाने स्वतः पिऊन पाहिले. पाणी खरोखरच कढत होते. घासल्यामुळे मातीची छिद्रे बुजली होती. पाणी बाहेर झिरपेना, म्हणून आतले गार होईना.

रांजण मोडून नव्याने घडवायचा त्याचा बेत ऐकून घरी आई म्हणाली, "लेका, भट्टी रचायची तेवढी राहिलीय. आता रांजण मोडलेस, तर राजकुंभारपण गेलं म्हणून समज."

"भाजल्यावर माती पुन्हा मळता येत नाही, आई. आज अजून येते."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने सगळे कच्चे रांजण हौदात बुडवून विरघळवले. त्या चिखलात बारीक भुसा कालवला. नवे रांजण घासले नाहीत. भट्टीत भुसा जळून गेला आणि मातीत पाण्यासाठी सूक्ष्म वाटा उरल्या.

राजा आला तेव्हा रांजण खडबडीत, ओलेचिंब उभे होते.

हेनू ओरडला, "महाराज, गळकी मडकी! यांना घाम फुटलाय, आता घडवणाऱ्यालाही फुटेल!"

"महाराज, आधी पाणी प्या, मग शिक्षा द्या," बोधिसत्त्व म्हणाला.

राजाने वाडगा ओठांना लावला आणि घटाघटा रिकामा केला. दुसरा भरून त्याने शेजारच्या पाथरवटाला दिला.

"गार आहे रे! गार!" पाथरवट ओरडत सुटला. छिन्न्या टाकून सारी खाण धावली. कुंभाराच्या जयजयकाराने कडे दुमदुमले. राज्यातल्या प्रत्येक वाटेवर असेच रांजण ठेवावेत, अशी आज्ञा राजाने तिथेच दिली.

हे सांगून तथागत म्हणाले, "भिक्षूंनो, भिक्षापात्र उजळण्यात सकाळ घालवणारा हा आपला सोबती त्या जन्मी हेनू होता. वाटसरूंना पाणी पाजणारा हा गृहस्थ तो राजा. आणि कुंभार मी होतो. स्वतःच्या कलेचा मान सोडून दुसऱ्याची तहान ओळखणे, हीच करुणा."