न उमटलेला ठिपका

माणसाला दिसतं म्हणजे नेमकं काय होतं, या एकाच प्रश्नाला चाळीस वर्षं दिलेल्या एक वृद्ध शास्त्रज्ञ होत्या. विद्यार्थी त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणत. त्यांची प्रयोगाची खोली अशी, की भर दुपारी तिथे स्वतःचा हात दिसू नये. त्या अंधारात टक् असा आवाज होई, त्याच क्षणी समोर एक अतिमंद ठिपका उजळे, आणि बसणाऱ्याने तो दिसला तर बटण दाबायचं.

त्यांची एक शिष्या आठ महिने तिथे स्वतःच बसत होती. मन एकाग्र केलं तर एरवी लागतं त्याच्या निम्म्या तेजाचा ठिपकाही दिसतो, असं तिचं म्हणणं. आकडेही तसेच येत होते. घरी दहा महिन्यांची मुलगी, शिष्यवृत्तीचं शेवटचं वर्ष. हा निष्कर्ष टिकला तरच प्रबंध होणार होता. त्यावरचा लेख छापायला पाठवायच्या आदल्या दिवशी बाई म्हणाल्या, “आणखी एकदा तू बस. यंत्र मी चालवते.”

दोनशे वेळा टक् झालं. शिष्या बाहेर आली ती खुशीत. “एकाहत्तर वेळा दिसला, बाई!”

बाईंनी यंत्राचं झाकण उघडलं. भिंगावर काळा पुठ्ठा चिकटवलेला होता. ठिपका एकदाही उमटला नव्हता.

शिष्येचा चेहरा उतरला. “ही फसवणूक झाली, बाई.”

“झाली खरी. पण तुला फसवायला मी कशाला हवी होते? आठ महिने तू एकटीनेच निभावलंस की!”

“म्हणजे माझे डोळेच बिनकामाचे.” तिने डोळे पुसले. “मला वाटतच होतं, मी या कामाची नाही.”

“थांब, इतक्यात नको रडूस. मला सांग, आंघोळ करताना मुलगी रडल्याचं ऐकू येतं?”

“रोज. अंगाला साबण तसाच ठेवून धावते. ती आपली गाढ झोपलेली असते.”

“मग कान तपासून घेतलेस?”

शिष्येला रडता रडता हसू आलं.

बाई म्हणाल्या, “घरी चुकून ‘हो’ म्हणालीस तर दहा पावलं फुकट जातात. चुकून ‘नाही’ म्हणालीस तर काय जाईल, ते मनातही आणवत नाही. म्हणून तू ‘हो’कडे झुकतेस, आणि झुकायलाच हवंस. तीच तू या खोलीत येऊन बसतेस. इथे ठिपका दिसला तर सगळं आहे, नाही दिसला तर काहीच नाही. मन इथेही झुकणारच. आस बाहेर ठेवून पाहणं मला चाळीस वर्षांत जमलं नाही, तुला आठ महिन्यांत कुठून जमणार? तेव्हा आस राहू दे; ती मोजायला शीक. मधूनमधून ठिपक्याशिवायच टक् होऊ दे, कधी ते तुला ठाऊक नको. तिथे किती वेळा ‘हो’ म्हणतेस, तो हिशेब वजा कर. उरेल ते डोळ्यांचं.”

“आणि काहीच उरलं नाही तर?”

“तर काही उरलं नाही, असं लिहायचं. तेही कुणीतरी लिहायला हवंच आहे.”

शिष्येने आठ महिन्यांचे कागद गोळा केले. मग तिने ते बांधून कपाटात सरकवले आणि पाळणाघराला फोन लावला. “ताई, आज तासभर उशीर होईल. नाही, आजच नाही. महिनाभर तरी रोजच होईल.”

बाई यंत्रापाशी बसल्या. शिष्येने आत बसून अंधाराला डोळे सरावू दिले. टक् झालं. बोट सवयीने बटणाकडे निघालं आणि वाटेतच थांबलं.

“दिसला नाही, बाई,” ती शांतपणे म्हणाली. “पुढचा.”

जे दिसावं म्हणून आपला जीव टांगलेला असतो, ते दिसलं नाही असं म्हणायची मुभा स्वतःला आधीच देऊन ठेवावी. मग दिसेल त्यावर विश्वास ठेवता येतो.