टेकडीचा दक्षिणेकडचा खांदा

टेकड्यांना बोलायला भरपूर वेळ होता, तेव्हाची गोष्ट. एका टेकडीच्या दक्षिणेकडच्या खांद्यावर एक म्हातारा नारिंगी तारा उगवायचा. हातभर वर यायचा, थोडा वेळ थांबायचा आणि मावळायचा.

टेकडीला ते खपेना. "बाकीचे तारे रात्रभर राबतात आणि तू आलास काय, गेलास काय! एवढा धिप्पाड, पण अंगात नुसता आळस. उद्यापासून माझ्याकडे येऊ नकोस."

ताऱ्याच्या अंगात वाद घालायचंही त्राण नव्हतं. "बरं," एवढंच म्हणून तो गेला.

काही दिवसांनी दूर दक्षिणेच्या बेटांवरून एक समुद्रपक्षी टेकडीवर येऊन उतरला. "इथला नारिंगी तारा कुठाय गं?" त्यानं विचारलं.

"कामचुकार मेला. दिला घालवून."

"कामचुकार?" पक्षी म्हणाला. "अगं, आमच्या बेटांवर तो उरलेली सगळी रात्र डोक्यावर उभा असतो. त्याच्याकडे बघत होड्या घरी येतात. तुझ्याकडे तो कामाला कुठं येत होता? घटकाभर पाठ टेकायला येत होता."

तारा पुन्हा आला नाही. टेकडीनं मात्र तेव्हापासून दक्षिणेकडचा खांदा खाली करून ठेवला आहे.